सभेत मी म्हटलं, ओळखीची आहे

दादा,

मी डी.एड.ला पुण्याला निघाले, त्या दिवशी पलूसच्या स्टँडवर माझी पेटी तूच गाडीत चढवलीस. आबा खिडकीखाली उभे होते. म्हणाले, "कुणी इचारलं तर सांग, आमी मेंढरामागची माणसं हाय. त्यात लाजायचं काय न्हाई." मी मान डोलावली.

आता मी ज्या शाळेत शिकवते, तिथं घंटा नाही, वेळापत्रक नाही. काय शिकायचं ते मुलं ठरवतात. दर शुक्रवारी सभा भरते आणि तिथं माझं एक मत, सहा वर्षांच्या मुलाचंही एकच. हे सगळं मला मनापासून पटतं. पण ही मुलं गाड्यांतून येतात. सगळ्या थरांतली मुलं हवीत, असं आम्ही दर मीटिंगला म्हणायचो. शेवटी बिनफीची एक जागा निघाली, तेव्हा मी तुझ्या रूपालीचं नाव दिलं. आधी आठवडाभर ट्रायल, मग सभेत मत.

द्राक्षबागेतल्या कामाचा खाडा करून तू तिला आणून सोडलंस. ती माझी भाची आहे हे मी शाळेत सांगितलं नव्हतं. इथं सगळी मला ताई म्हणतात, तूही तसंच म्हण, असं मी तिला बजावलं. काय करायचं ते तिला कुणी सांगेना, कारण आमच्या शाळेत तसं सांगत नाहीत. दोन दिवस ती भिंतीशी बसून राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं खराटा शोधून अंगण झाडलं. मुलं बघत राहिली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सभेत एका मुलीनं सरळ विचारलं, "ताई, ही तुमची कोण?"

मी म्हटलं, "गावाकडच्या ओळखीतली आहे."

रूपालीनं माझ्याकडे पाहिलं. मग मत झालं. तिनं राहावं म्हणून जवळजवळ सगळ्या मुलांनी हात वर केले. नको म्हणून एकच हात वर झाला, तिचा स्वतःचा. तिच्या निर्णयाचा आदर करायचा असं ठरलं आणि सभा पुढच्या विषयाकडे वळली. खरं सांगते, दादा, मला हायसं वाटलं.

तिला घरी सोडायला निघाले, तेव्हा एसटीत कराड आल्यावर ती म्हणाली, "आत्या, माझी लाज वाटली व्हय तुला?"

मी नाही म्हटलं आणि बाहेर उसाकडे बघत बसले.

"पोरीला शेर मानवलं न्हाई," असं तू सगळ्यांना सांगत राहिलास, आणि मी तुझ्यासमोर होला हो म्हणत राहिले. तिनंही तुला काही सांगितलं नाही. ती जागा पुढच्या वर्षी आमच्याच एका शिक्षिकेच्या मुलाला मिळाली. त्याच्या बाजूनं मीही हात वर केला.

हे फोनवर माझ्या तोंडून निघालं नसतं, म्हणून लिहिलं. तुला वाचता येत नाही, म्हणजे हे पत्र तुला तीच वाचून दाखवणार. ती एक ओळही गाळणार नाही, एवढी मी तिला ओळखते. दिवाळीत येते. पुण्यात भाड्याची खोली आहे, घर अजून तुमचंच आहे. तुम्ही दोघांनी आत घेतलंत, तर माझंही.

तुझी,
सखू