बिल्ला नसलेला ससा

मे महिन्यात, दुपारी बारा वाजता, खोक्याला चिकटपट्टी मारून मी बायकोचा ससा लस टोचायला नेला. यातली प्रत्येक गोष्ट चूक होती, आणि प्रत्येक मी स्वतःच्या अकलेने केली.

आम्ही धुळ्याचे. सुट्टीत बायकोच्या माहेरी, शिंदखेड्याजवळच्या खेड्यात, ससाही सोबत आला होता. मुळात ससे दोन होते. एक गेल्या मे महिन्यात अचानक मेला. बायको दोन दिवस जेवली नाही. मी मोबाईलवर वाचून निदान केलं: सशांचा विषाणू. परदेशात म्हणे त्याची दरवर्षी लस देतात, नाहीतर धडधाकट ससा दिवसात आडवा होतो. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, ही लस आपल्याकडे मिळत नाही. मी त्यांना मनातल्या मनात नापास केलं. "हाही गेला तर मी पुन्हा ससा पाळणार नाही," बायको एवढंच म्हणाली होती.

त्या दिवशी शालक म्हणाला, "दाजी, मारुतीना पारवर डॉक्टर येल शेतस. बठ्ठा जनावरस्ले लस देई राह्यनात."

बठ्ठा म्हणजे सगळ्या. सगळ्या जनावरांना लस देताहेत. मग ससा काय झाड आहे?

सासुरवाडीत जावयाला कोणी अडवत नाही. कूलरसमोरची खाट त्याची, पहिली भाकरी त्याची, आणि त्याचा मूर्खपणाही घरात मान खाली घालून ऐकला जातो. एक बायको अडवू शकली असती, पण ती शेजारी पापड लाटायला गेली होती. मी केळीच्या खोक्यात ससा घातला आणि खोकं मोटरसायकलच्या टाकीवर ठेवलं. टाकी एवढी तापली होती की तिच्यावर भाकरी शेकता आली असती.

पारावर बैल, गाई, म्हशी. पावसाळ्याआधीची घटसर्पाची लस चालली होती. "जवाई शेतस, जाऊ द्या," म्हणत रांगेने मला पुढे सोडलं. नोंद घेणाऱ्याने मान वर न करता विचारलं, "बिल्ला नंबर?"

गुरांच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावरचा. मी म्हटलं, ससा आहे. मागे बैल धरून उभे असलेले आबा म्हणाले, "कान ते बठ्ठास्पेक्षा मोठा शेतस. दोन बिल्ला बसतीन!"

सगळा पार हसला. मीही हसत खोकं उघडलं. ससा कुशीवर पडला होता, तोंड उघडं, पोट भात्यासारखं हलत होतं.

डॉक्टरबाईंनी सुई खाली ठेवली. "ही बाटली गुरांची आहे. आणि याला लस नको, सावली हवी. कान बघा किती तापलेत."

आबांनी आपल्या पाण्याच्या कॅनवरचं ओलं पोतं काढून दिलं. बाई त्याने सशाचे कान टिपत राहिल्या. बैल खोळंबले. बायकोला काय सांगायचं याची वाक्यं मी जुळवत होतो, एक जुळेल तर शपथ. बऱ्याच वेळाने सशाचं नाक हललं.

"आधी पाळले होते का?" बाईंनी विचारलं.

"एक होता. विषाणूने गेला."

"कोण म्हणालं?"

"मी."

"पिंजरा कुठे असायचा?"

"गच्चीवर, पत्र्याखाली. सावलीतच!"

"आता खात्रीने कोणी सांगू शकणार नाही," बाई म्हणाल्या. "पण मे महिन्यात पत्र्याखाली पापडसुद्धा भाजून निघतो."

ऊन उतरल्यावर ससा माझ्या ओल्या शर्टात गुंडाळून परतलो. घरी सगळं सांगून टाकलं, पत्र्यासकट. नाहीतर गावाने सांगितलंच असतं, वर तिखटमीठ लावून. बायको सशाच्या कानांवर ओला फडका ठेवत बसली, माझ्याकडे पाहिलंही नाही.

सासूबाई उठल्या. बारा वर्षांत त्यांनी माझ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता की आवाज चढवला नव्हता. त्यांनी माझी खाट कूलरसमोरून ओढून बाजूला केली, तिथे सशाची टोपली ठेवली आणि म्हणाल्या,

"जवाईबापू, ससा आते कूलरम्होरे निजी. तुम्ही पत्राखाले निजा."