वॉर्डातल्या दोन वानखडे

रामदास वॉर्डाच्या दारात उभा दिसला तेव्हा मी एका बाईचा ताप बघत होते. अकोल्याच्या शाळेत मास्तरकी करणारा माणूस शाळेच्या दिवशी, न कळवता, अमरावतीला येतो म्हणजे काहीतरी झालंय हे मला कळलं होतं. फक्त कोणाचं, एवढंच विचारायचं होतं. त्यानं खिशातून तार काढली आणि माझ्या हातात न देता तशीच धरून ठेवली. "ताई, आमची बाई गेली," तो म्हणाला. मोठ्या बहिणीला तो बाईच म्हणायचा. सुभद्रा, माझी मैत्रीण, इंग्लंडमधल्या आपल्या दवाखान्यातच न्युमोनियानं गेली. ज्या वॉर्डात ती ड्यूटी करायची त्याच वॉर्डात तिला खाट मिळाली होती म्हणे. आता त्याला काही आठवडे झाले. तरी मला अजून वाटतं, ही थंडीत गेली आणि थंडीचीच मी तिला भीती घातली होती... तिनं ऐकलं असतं तर ती सुभद्रा कसली!

आम्ही दोघी एकाच वर्षी नर्सिंग शिकायला अमरावतीला आलो. ती अकोल्याजवळच्या खेड्यातली, वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. मी दर्यापूरकडची, घरची काळी जमीन, शेतकऱ्याची पोर. आडनाव मात्र दोघींचं एकच, वानखडे. बाहेरच्या वाचकाला यात काही विशेष वाटणार नाही, म्हणून सांगते. आमच्या वऱ्हाडात वानखडे आम्हा कुणब्यांत आहेत आणि तेव्हा ज्यांना महार म्हणत त्यांच्यातही आहेत. त्यामुळे इथं नुसतं आडनाव सांगून कोणाचं समाधान होत नाही. लगेच पुढचा प्रश्न येतो, "कोनते वानखडे?" विचारणारा अगदी गोड आवाजात विचारतो, जणू गावची ख्यालीखुशाली विचारतोय. मी "दर्यापूरकडचे, शेतीवाले" म्हटलं की त्याचा चेहरा सैल व्हायचा. सुभद्राला विचारलं की ती जात सांगायची. धर्मांतराच्या आधी "महार" म्हणायची, नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर "बौद्ध" म्हणू लागली. स्वर तोच. हातातलं थर्मामीटर झटकता झटकता सांगायची आणि पुढच्या खाटेकडे जायची.

मग वॉर्डात एक गंमत चालायची; आज तिला गंमत म्हणवत नाही. औषध तिच्या हातचं चालायचं, कारण औषध सरकारी. त्यावर प्यायचं पाणी मात्र माझ्या हातचं लागायचं. त्यामुळे ती जिभेवर गोळी ठेवायची आणि मी मागून फुलपात्र घेऊन जायची. आमच्या मेट्रनबाई केरळकडच्या. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. दोघींनी जोडीनं औषध देण्याची ही फारच नीट पद्धत आहे असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी बाकीच्या वॉर्डांतल्या मुलींनाही तसंच करायला सांगितलं. त्या दिवशी क्वार्टरवर येऊन सुभद्रा खाटेवर पडून पोट धरून हसली. हसता हसता थांबली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. मी दिवा मालवला.

पुढं नर्सांना परदेशात मागणी आहे अशी बोलणी सुरू झाली. इंग्लंडात शिकवतात आणि शिकताना पगारही देतात, एडनला पगार चांगला, आफ्रिकेत आपली माणसं फार, असं कोणी कोणी सांगे. सुभद्रानं इंग्लंडच्या एका दवाखान्याला अर्ज केला आणि तिकडून बोलावणंही आलं. तरी तिचं मन ठरत नव्हतं. तेवढ्यात इथल्याच राजापेठेतल्या एक आजी टायफॉईडनं आमच्याकडे स्पेशल खोलीत दाखल झाल्या. त्यांचा जावई नैरोबीत डॉक्टर, स्वतःचा दवाखाना असलेला. लेक आईसाठी मुद्दाम आलेली. आजींचं सगळं सुभद्रानं केलं. अंग पुसणं, पेज भरवणं, रात्रीबेरात्री घोट घोट पाणी पाजणं. आजी तिचा हात सोडत नसत. त्यांची लेक परत गेली आणि तिचं पत्र आलं. आमच्या दवाखान्यात ये, म्हणून. पगार ठरवलेला, येण्याजाण्याचा खर्च त्यांचा, आणि राहायचं त्यांच्या घरातच. लेकीसारखी राहा, चार घास आपल्या चवीचे मिळतील, आपल्याच माणसांत राहशील.

आम्ही सगळ्या क्वार्टरभर नाचलो. सुभद्रा पत्र हातात घेऊन नुसती बसून राहिली. 'आपल्याच माणसांत' या शब्दांवर तिचं बोट होतं. नंतर उलगडा झाला. आजींच्या लेकीनं आमच्या वॉर्डबॉयला आधीच विचारलं होतं, वानखडे सिस्टर कोणत्या म्हणून. आणि त्यानं, माझ्याबद्दल विचारतायत असं समजून, दर्यापूरकडच्या शेतकऱ्याची मुलगी असं सांगून टाकलं होतं. म्हणजे आजी महिनाभर जे पाणी प्यायल्या, ते त्यांच्या हिशेबी माझ्या जातीच्या हातचं होतं.

रामदास तेव्हा नुकता नोकरीला लागला होता. बहीण खरं काय ते नैरोबीला कळवणार हे ऐकून तो धावत आला. घरात पहिल्यांदाच एवढा पगार येणार होता, धाकटीचं लग्न व्हायचं होतं. त्यानं बहिणीला परोपरीनं समजावलं. "तू कावून सांगतं त्याइले? तिथं कोन पाहाले येऊन रायलं?" सुभद्रानं त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आजी माह्या हातचं पानी पेली रे. मले ते चोरून पाजल्यासारखं वाटून रायलं."

तिनं नैरोबीला लिहून कळवलं. आम्हाला वाटलं आता उत्तर येणारच नाही. पण आलं, आणि फार सभ्य उत्तर आलं. नोकरी पक्की, पगार तोच, जाण्यायेण्याचा खर्च तोच. राहण्याची सोय मात्र दवाखान्यामागच्या खोलीत करू, तिथं तुला मोकळं वाटेल, एवढाच काय तो बदल. रामदासला त्यात खटकण्यासारखं काही दिसेना. खरं सांगते, मलाही फारसं दिसलं नाही. खोली तर खोली, निदान हवा बरी, भाषा आपली, सणावाराला चार मराठी घरं. मी तिला इंग्लंडच्या थंडीची, धुक्याची, उकडलेल्या जेवणाची जमेल तेवढी भीती घातली. शेवटी म्हटलं, "सुभद्रे, इंग्लंडात आपलं कोनी नाही."

"म्हनूनच," ती म्हणाली.

एवढंच बोलली आणि ट्रंकेत लुगडी भरायला लागली. मला तिचा राग आला होता. मैत्रीण एवढ्या लांब जाते आणि जाण्याचं कारण असं एका शब्दात सांगते, याचा राग. अकोल्याच्या स्टेशनवर तिची आई गाडीच्या खिडकीचा गज धरून उभी होती आणि पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, तिथं तुले भाकर कोन देईन. सुभद्रानं तिला सांगितलं की तिथं भाकर मागावी लागत नाही. म्हातारीला ते पटलं की नाही, कोण जाणे.

काही वर्षांनी ती एकदाच सुट्टीवर आली. अंगानं भरली होती, केस कापलेले, बोलणं मात्र तसंच्या तसं वऱ्हाडी. अकोल्याला रामदासच्या घरी आम्ही ओट्यावर बसलो होतो. तिकडचं सगळं छान असेल असं धरूनच मी विचारलं, आणि तिनं मला एका गोऱ्या म्हातारीचं सांगितलं. त्या म्हातारीनं सुभद्राच्या हातचा चहा घ्यायला नाही म्हटलं होतं, काळे हात नकोत म्हणून. एवढे समुद्र ओलांडून हेच मिळायचं होतं तर... मी अर्धंच बोलले. तिनं मला थांबवलं. म्हणाली की तिथल्या मेट्रनबाईंनी त्या म्हातारीची खाट दुसऱ्या वॉर्डात हलवली, सुभद्राला नाही. "आन तिथं रंग पाहतेत. तो तं दिसते. आपल्याले तोंडानं सांगा नाही लागत."

मग तुझं बरोबर होतं का, इंग्लंडच निवडलंस ते, असं मी विचारलं. समोरच्या कडुनिंबाकडे बघत ती म्हणाली, "बरोबर का चूक, मले नाही मालूम, इंदू. पन आमच्या घरात कोनी कुठं राहाचं हे आजलोक आमी ठरवलंच नोतं. आज्यानं नाही, बापानं नाही. गावानं जागा दाखवली तिथं राहिलो. मी पयली, जिनं सोता ठरवलं." एवढं बोलून ती आत चहा ठेवायला गेली. तीच आमची शेवटची भेट.

गेल्या आठवड्यात रामदास पुन्हा आला. इंग्लंडहून तिचं सामान आलं होतं. फार काही नव्हतं. लोकरीचे कपडे, बुद्धाची लहान मूर्ती, आणि तिकडच्या नर्सा छातीवर लावतात तो बिल्ला. त्यावर इंग्रजीत नर्स वानखडे, एवढंच. पहिलं नाव नाही, गाव नाही. रामदासनं तो रुमालात बांधून आणला होता. माझ्यासमोर धरून म्हणाला, "ताई, आमच्या घरात आता हा कोन लावन? तुमी ठेवा. नाव तं तेच हाये." इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा रडले ते त्याच्यासमोर, वॉर्डाच्या व्हरांड्यात.

दुसऱ्या दिवसापासून मी तो बिल्ला लावते. आमच्याकडे अशी पद्धत नाही, पण मेट्रनबाईंनी एकदा बघितलं आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. परवा एका बाळंतिणीची सासू माझ्या छातीकडे निरखून बघत होती. काय लिहिलंय म्हणून तिनं विचारलं. मी सांगितलं, वानखडे. तिनं सुनेच्या हातातला गिलास हळूच आपल्याकडे घेतला आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "कोनत्या वानखडे जी तुमी?"

मी म्हटलं, "सुभद्राच्या."