गेटपाशी सांगितलेलं

मामंजी पडल्याचं मला घरातल्या कुणी नाही, फुलवालीच्या मुलीने, कविताने कळवलं. रविवारची दुपार होती, मी अण्णा नगरच्या बाजारात भाजी घेत होते. "अक्का, लवकर या. अय्या गेटपाशी पडलेत," एवढंच ती तमिळमध्ये बोलली. फोन बंद करायचं तिला सुचलं नाही, त्यामुळे वाटभर मला आमच्या अंगणातला बारीक पाऊस ऐकू येत राहिला. मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. ते जमिनीवर कलंडले होते आणि उजवा हात मात्र वर, गेटच्या कडीत अडकलेला. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. दोन झटके आधी येऊन गेले होते, तेव्हा शंकेला जागा नव्हती. तरीही तो हात सोडवताना मी माझ्या हाताभोवती ओढणी गुंडाळून घेतली. का, ते सांगायचं तर मागे जावं लागेल.

मी कराडची. लग्न होऊन या तंजावरी मराठी घरात आले तेव्हा सासऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कॉफी होणा का?" मी बावळटासारखी बघत राहिले. 'होणा' म्हणजे 'हवी', हे कळायला आठवडा गेला. पुढे माझ्या मराठीला ते 'रेडिओचं मराठी' म्हणून चिडवायचे आणि मी त्यांच्या मराठीला 'सांबार घातलेलं' म्हणायची. वीज खात्यात ते आमच्याच भागाचे इंजिनिअर होते. माणूस सरळ, पण नियमाला चिकटलेला. कोणतीही लोखंडी वस्तू धरण्याआधी तिला हाताची पालथी बाजू लावून बघायची त्यांची सवय होती. करंट असला तर पालथा हात मागे फेकला जातो, तळवा मात्र चिकटून बसतो. फ्रिज, बसचा दांडा, पाण्याचा नळ... माझ्या मुलीला दवाखान्यात पहिल्यांदा बघायला आले तेव्हा तिच्या कपाळालाही त्यांनी आधी पालथी बोटंच लावली होती.

सेल्वी आमच्या गल्लीत फुलं विकायची. कोपऱ्यावर खात्याचा विजेचा डबा होता, जमिनीपासून वीतभर उंचीवर, आणि त्याच्या शेजारी तिची टोपली. एका संध्याकाळी मोगऱ्याचा गजरा देऊन ती गेटपाशीच घुटमळली. ओला हात कडीवर ठेवून मामंजींना म्हणाली, "अय्या, डब्याचं दार निखळलंय. आतल्या वायरी दिसतात. तिथे उभं राहिलं की पाय झिणझिणतात." मामंजी पेपर वाचत होते. "उद्या ऑफिसात येऊन लिहून दे. नंबर पडला की माणूस येईल." सेल्वी हसली आणि गेली. तिला लिहिता येत नव्हतं, हे मामंजींना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. बँकेत रोज दहा जणांचे फॉर्म मीच भरून देते, पण त्या संध्याकाळी दोन ओळी खरडून द्याव्यात असं माझ्या डोक्यातही आलं नाही. मी गजरा माळत होते.

तिसऱ्या दिवशी वादळी पाऊस झाला. गुडघाभर पाण्यातून टोपली सावरायला गेलेली सेल्वी पुन्हा उठली नाही. मामंजींनी अहवालावर सही केली: दार त्याच दिवशीच्या वाऱ्याने उडालं, पूर्वी तक्रार नव्हती. रजिस्टरात खरोखरच नव्हती.

खात्याने डबा बदलला, चांगला छातीइतका उंच केला. तरी गल्लीतली कुत्री त्या कोपऱ्यावर आली की लांबून वळसा घालून जातात. माणसंही घालतात, नवीन राहायला आलेली, काहीच माहीत नसलेली. मामंजी निवृत्त झाल्यावर व्हरांड्यात बसून हे तासन् तास बघायचे. मग आमचं गेट सुरू झालं... दुसरा शब्द मला सापडत नाही. पाऊस पडला की त्या कडीला हात लावताच झिणझिण्या यायच्या. दोन इलेक्ट्रिशियन येऊन गेले, टेस्टर एकदाही पेटला नाही. नवरा हसला. एकदा मलाच झटका बसला, तेव्हा मी ते कुणाला सांगितलं नाही. मामंजी मात्र पावसात जाऊन कडीला पालथा हात लावून उभे राहायचे. आत चला म्हटलं की म्हणायचे, "थांब गं. सांगतेय ती." माझ्या अंगावर काटा यायचा, आणि त्यांचा रागही यायचा. जिवंत होती तेव्हा ऐकायचं होतं.

सेल्वीची मुलगी कविता तेव्हा शाळेत होती. आता गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात काम करते आणि सुट्टीच्या दिवशी वकिलाकडे खेटे घालते. तिचा खात्याविरुद्धचा दावा सात वर्षं चालू आहे. रस्त्यावर वीज आणणाऱ्याने ती माणसाला लागणार नाही याची काळजी घ्यायलाच हवी, कुणी सांगो न सांगो, असं तिच्या वकीलबाई म्हणतात. खातं वादळाकडे बोट दाखवून हात झटकत होतं. दार आधीपासून निखळलेलं होतं आणि खात्याच्या माणसाला ते माहीत होतं, एवढं कुणीतरी कोर्टात सांगायला हवं होतं. जाण्याच्या आदल्या दिवशी मामंजी मला म्हणाले, "त्या पोरीला उद्या बोलाव. मला सांगायला होणा." कविता आली, गेट उघडायला ते स्वतः उठले, आणि तळवा कडीवर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा, तळवा.

तेराव्याला कविताने विचारलं, "अक्का, अय्यांना मला काय सांगायचं होतं?" घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, समोर त्यांच्या फोटोला हार होता. मी म्हटलं, "माहीत नाही." ती मान हलवून निघून गेली. त्यानंतर पाऊस नसतानाही मला त्या गेटला हात लावायची भीती वाटायला लागली. मामंजी सात वर्षं काय घेऊन जगले ते मला दोन आठवड्यांत कळलं. नवऱ्याने खूप समजावलं, गेलेल्या बापाचं नाव कोर्टात कशाला काढतेस. मी वकीलबाईंना फोन केला.

गेल्या आठवड्यात साक्ष झाली. खात्याचा वकील तरुण होता, सभ्य होता. "तुम्ही त्यांच्या सूनबाई. त्यांच्याविरुद्ध बोलायला आलात?" मी म्हटलं, "विरुद्ध नाही, त्यांच्या वतीने. त्यांचं सांगायचं राहून गेलं. आणि मीही तिथे होते, माझंही राहिलं." न्यायाधीशबाईंनी विचारलं, "ती बाई नेमकं काय म्हणाली होती? सावकाश सांगा, लिहून घेतोय." माझं तमिळ एवढ्या वर्षांनीही मोडकंच आहे, दुकानदार हसतात. पण सेल्वीची ती तीन वाक्यं तोंडातून सरळ निघाली, तिच्याच हेलात, एकही शब्द न अडखळता. मागच्या बाकावर कविता खाली मान घालून बसली होती. तिने हाक ऐकल्यासारखी झटकन मान वर केली आणि पाहिलं... माझ्याकडे नाही, माझ्या शेजारी.