थोरल्याचा यंदाचा फोटो

माझा दादा फोटोंची डागडुजी करतो. नवरीच्या गालावरची पुटकुळी घालवायची, ग्रुप फोटोत कुणाचे मिटलेले डोळे उघडायचे, रुसून कडेला उभ्या राहिलेल्या काकांना ओढून मधे आणायचं, असली कामं. गिऱ्हाइकं त्याला 'डॉक्टर' म्हणतात. माणूस अबोल. तो दिवसभरात जेवढं बोलतो, तेवढं मी एकाच गिऱ्हाइकाशी हुज्जत घालताना बोलून जाते. काउंटरवर मी बसते म्हणून दुकान चालतं, हे मी त्याला अधूनमधून ऐकवते.

वर्षातून एकदा मात्र तो एक फोटो दार लोटून करतो. आमच्या थोरल्या भावाचा. थोरला वडिलांशी भांडून घराबाहेर पडला तो पडलाच. शोधायचं तेवढं शोधलं. आईने अन्न टाकलं, तेव्हा दादाने थोरल्याच्या जुन्या फोटोवर हात चालवला, त्याला जरा जाड केलं आणि आईला सांगितलं, "त्याच्या मित्राने पाठवलाय. राग गेला नाही, पण खुशाल आहे." आई त्या दिवशी जेवली. मग काय, दरवर्षी एक फोटो आलाच. सुरकुत्या आणायच्या कुठून? दादा स्वतःचा फोटो काढायचा आणि आपल्या तोंडावरच्या उचलून थोरल्याच्या तोंडावर बसवायचा. मला ही लबाडी मुळीच पटत नव्हती. पण आई त्या फोटोंवरच जगत होती, ते बंद पाडायची माझी छाती झाली नाही.

यंदा दुकानातल्या कॉम्प्युटरने मान टाकली. नवा आणला, तर दादाचा हात बसलेलं सॉफ्टवेअर जुन्याच सिस्टिमवर चालणार आणि प्रिंटरचे रंग नव्या सिस्टिमवरच नीट येणार. कॉम्प्युटरवाल्याने एकाच मशीनमधे दोन्ही घालून दिल्या. सुरू केलं की मशीन आधी विचारतं, कुणीकडे जायचं? फोटो ठेवायची जागा दोघींना मिळून एक.

"दोन सुना आणि स्वयंपाकघर एक," मी म्हटलं. "आता बघा मजा."

कॉम्प्युटरवाला हसला. दादाचं लक्षच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने जुन्या सिस्टिमवर थोरल्याला यंदाचं वय चढवलं, फोटो सेव्ह केला आणि छापण्यासाठी नव्या सिस्टिमवर गेला. भर दुपार होती, बाहेर गाड्यांचे हॉर्न वाजत होते. आतून "इकडे ये" असं ऐकू आलं आणि क्षणभर मला कळेना, हाक कुणी मारली.

पडद्यावर थोरला होता. केस पांढरेफटक, गाल खोल गेलेले, डोळे मिटलेले.

"असा का केलास रे त्याला?"

"मी नाही केला."

त्याने मशीन पुन्हा जुन्या सिस्टिमवर नेलं. तिथे थोरला धडधाकट, कानाशी थोडे पिकलेले केस, नजर समोर. नव्यावर आणला की डोळे मिटलेले.

कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. "दोन्हीकडे फाइल वेगळी वाचली जाते. एखादा थर दिसत नसेल," असं म्हणत त्याने दादाने केलेले बदल थराथराने काढून दाखवले. सगळ्यात खाली मूळ फोटो निघाला, त्यात तरणाबांड थोरला टक्क डोळ्यांनी बघत होता. मिटलेले डोळे कुठल्याच थरात नव्हते. "फाइल बिघडली असणार," तो पुटपुटला आणि समोरचा चहा तसाच टाकून निघून गेला.

दादाने तिथेच बसून थोरल्याचे डोळे उघडायला घेतले. स्वतःचे डोळे आणून बसवले, सेव्ह केलं, परत उघडलं. मिटलेले. पुन्हा बसवले. पुन्हा मिटलेले. मला ते बघवेना.

"खड्ड्यात गेले रंग! जुन्यावरून छाप आणि मोकळा हो."

तो उठला आणि त्याने मिटलेल्या डोळ्यांचाच फोटो छापला.

"वेड लागलंय का? आई जाईल रे अशाने."

"मला आता आणखी जमणार नाही," तो म्हणाला.

घरी आई वाटच बघत होती. तिने फोटो मांडीवर घेतला आणि त्या पापण्यांवरून बोट फिरवलं. माझा धीर सुटला.

"झोपलाय गं तो! मित्राने झोपेतच काढलाय फोटो," मी बोलून गेले. इतकी वर्षं दादाला नावं ठेवणारी मी!

"गप बस," आई म्हणाली. मग दादाकडे वळली. "हा त्याचा आहे. आजवर तू मला तुझेच आणून देत होतास."

दादा तिच्यापुढे खाली बसला. "तुला... कळलं होतं?"

"पोटचा पोर मला ओळखता येत नाही होय? फोटो दिलास की दरवेळी तू जास्तच ओढलेला दिसायचास. त्याच्या वाटचं म्हातारपण तू घेत होतास बाळा, आणि मी मेली घेऊ देत होते."

मी दादाकडे पाहिलं. मी रोज त्याच्याशेजारी बसते. केस पांढरेफटक, गाल खोल गेलेले. हे कधी झालं?

आईने त्याला कुशीत ओढलं आणि ती हंबरडा फोडून रडली. नाव थोरल्याचं घेत होती, आणि दादा तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होता, "हो आई, आलोय मी. इथेच आहे."