बंडीखालचा राजा

लढाई संपून वर्ष झालं असेल तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि गावच्या नाटकात राणी होतो. मिशी काढायला मी साफ नकार दिला होता, म्हणून राणीनं शेवटपर्यंत तोंडावर पदर ओढून बोलायचं असं ठरलं. आमच्या देवरीकडच्या गावांत दिवाळीनंतर मंडई नावाची जत्रा भरते, तिच्यासाठी गुरुजींनी हे नाटक स्वतः लिहिलं होतं. त्यात राजा बाण लागून पडायचा आणि मरता मरता लांबलचक पद गायचा.

माझा चुलतभाऊ, मी त्याला दादा म्हणायचो, ब्रह्मदेशच्या आघाडीवरून नुकताच परतला होता. डाव्या हाताची बोटं तिकडेच राहिली होती. घरात भांडं पडलं तरी तो भिंतीला पाठ लावून बसायचा आणि घाम पुसत राहायचा. कोणी काही विचारत नसे. विचारायचं कसं, हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

एके दिवशी तो तालमीला येऊन बसला. राजाचं मरण सुरू झालं आणि दुसऱ्या कडव्यालाच दादा हसायला लागला, आधी नाकातून, मग पोट धरून. परतल्यापासून तो पहिल्यांदाच हसत होता. त्याच्याकडे बघून राजाही मरायचा थांबला आणि खिदळू लागला.

"काऊन हासून राहिला बे?" गुरुजी चिडले.

"गुरुजी, मरनारा मानूस एवढा नाई बोलत."

"मंग काय बोलते?"

दादाचं हसू ओसरलं. "पानी मांगते. मायले हाका मारते. माह्या बाजूचा तसाच गेला."

गुरुजींनी वही पुढे ओढली. मग त्यांनी अख्खं पद खोडलं आणि म्हणाले, "राजा तूच हो. मी काई मरन पाह्यलं नाई, उगाच लिवून बसलो."

मंडईच्या दिवशी दुपारी मैदान माणसांनी फुलून गेलं. बैल सोडलेली एक बंडी उभी करून तिच्यावर पडदा बांधला होता आणि तिच्यापुढे आमचा खेळ चालला होता. ज्याचं राजाचं काम गेलं होतं, त्याला गुरुजींनी लढाईचे आवाज काढायला बसवलं होतं. त्यानं हौसेनं दिवाळीतला उरलेला मोठा फटाका पेटवला. बाणांच्या लढाईत तोफ कुठून आली, हे विचारायला कोणाला वेळच मिळाला नाही. दादा मुकुट उडवून थेट बंडीखाली गेला.

लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे. टाळ्या पडल्या. मी लुगडं सावरत त्याच्यामागे शिरलो. तो मातीत तोंड खुपसून थरथरत होता. मी त्याचा हात धरला.

"दादा, मी हाव. रानी."

त्यानं मान वळवली. माझा पदर केव्हाच उडाला होता आणि मिशी पावडरीनं पांढरी झाली होती. तो बघतच राहिला.

"अशी रानी असन त राजानं मेलेलंच बरं," तो म्हणाला, आणि थरथरता थरथरताच हसू लागला. मलाही आवरेना. आमच्या हसण्यानं बंडी हलत होती आणि पडद्याआडून गुरुजी दबक्या आवाजात विनवत होते, "मर ना बे, मर लवकर."

दादानं चाकाशेजारून डोकं बाहेर काढलं. "मायबाप, राजा भेला हाय. थोडं थांबा."

टाळ्या थांबल्या. पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "बस बापू. आमाले कायची घाई हाय?"

जरा वेळानं तो बाहेर आला, आडवा झाला आणि मरू लागला. पाणी मागितलं. मग आईला हाक मारली. तशी बायांमधून माझी काकू, त्याची आई, उठली आणि पाण्याचा लोटा घेऊन सरळ खेळात आली. राजाचं डोकं मांडीवर घेऊन तिनं त्याला पाणी पाजलं. आता मरायची सोयच उरली नाही. दादा उठून बसला आणि लोक वेड्यासारखे ओरडू लागले. गुरुजी डोळे पुसत पुसत सगळ्यांना सांगत सुटले की शेवट असाच लिहिला होता.

त्या हंगामात आम्ही आणखी कितीतरी मंडयांत खेळ केला, फटाक्याशिवाय. एका गावच्या मुलीनं घरी सांगितलं, "जो चारचौघांत भेलो म्हनते, तो खोटं नाई बोलत." तिच्याशीच दादाचं लग्न झालं. त्याची थरथर मात्र कधी गेली नाही. दर दिवाळीला, फटाके कानावर पडू नयेत म्हणून, ती दोघं शिदोरी बांधून तलावापलीकडच्या शेतावर राहायला जात, आणि भाऊबीजेला आम्ही सगळे तिकडेच जेवायला जमत असू.