न लागलेल्या नोकरीची साक्ष

मुलाखत व्हायच्या आधीच नोकरी लागली म्हणून मी भर उपासनेत उभं राहून देवाचे आभार मानले.

ताप नव्हता, कुणी बळजबरी केली नव्हती. नांदेडच्या आमच्या मंडळीत (चर्चच्या सगळ्या सभासदांना मिळून आम्ही मंडळी म्हणतो, घरची मंडळी मला अजून कुणी दिलेली नाही) रविवारी साक्षीची वेळ असते. ज्याला देवाने काही दिलं असेल त्याने उठून सांगायचं. कुणाचा मुतखडा पडतो, कुणाच्या मुलीचं जमतं. त्या रविवारी प्रवचनाचा सूर असा होता की, मागितलेलं मिळालंच आहे असं धरून चाला. माझ्या खिशात लातूरच्या एका कारखान्याचं मुलाखतीचं बोलावणं होतं. वीजमीटर बनवणारा कारखाना, जागा एकच. ‘बोलावणं आलंय, प्रार्थना करा’ एवढंच सांगायला मी उठलो. पण पुढच्या बाकावरच्या बायका मान वळवून बघायला लागल्या आणि मला चार जास्तीचे शब्द सुचले. तोंडातून निघालं, “प्रभूने मला लातूरला नोकरी दिली.”

हालेलुया झालं, टाळ्या झाल्या. आई पदराने डोळे पुसायला लागली. अशा वेळी ‘आई, थांब, एक दुरुस्ती आहे’ असं म्हणायला जी छाती लागते ती माझ्याकडे नाही.

तिथंच थांबलो असतो तर निभावलं असतं. पण मला छंद आहेत. विष्णुपुरीच्या कॉलेजात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलो असं घरी समजतात. खरं तर मी अक्षरं वळवायला शिकलो. मंडळीतल्या नाताळाची, लग्नांची, वाढदिवसांची सगळी पोस्टरं माझ्या मोबाइलातून निघतात. युवक संघ म्हणाला, अभिनंदनाचं पोस्टर पाहिजे. मंडळीत ते काम करणारा मी एकटाच. म्हणून स्वतःचा फोटो स्वतःच कापला, त्याला मित्राचा ब्लेझर चढवला, कारखान्याचं नाव सोनेरी केलं, मुलाखतीची तारीख हजर व्हायची म्हणून टाकली आणि डोक्यावर एक पांढरं कबूतर सोडलं. खाली लिहिलं, ‘शुभेच्छुक: समस्त युवक संघ’. संध्याकाळपर्यंत ते कबूतर देगलूर, उदगीर, लातूर फिरून आलं.

लातूरच्या पाळकसाहेबांचा (पाळक म्हणजे आमचे धर्मगुरू) फोन आला. “सोमवारी हजर व्हायचंय ना? मग रविवारीच या. उपासना इकडे करा, मुक्काम आमच्याकडे.” सोमवारी मुलाखत होती. मी म्हणालो, “येतो.”

रविवारी पहाटे विष्णुपुरीच्या फाट्यावर लातूरची एसटी पकडली. धरणाकडून गार वारा येत होता. ब्लेझर चुरगळू नये म्हणून मी तो खिडकीच्या दांडीला अडकवला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. लोहा गेलं, तसं दोन्ही बाजूंना सोयाबीनची रानं लागली. काढणी जोरात होती. रस्त्याला लागून मळणीयंत्रं धडधडत होती आणि भुश्शाचा पिवळा धूर गाडीच्या एका खिडकीतून येऊन दुसऱ्या खिडकीतून जात होता. मध्ये वाटेवर माझा ब्लेझर होता.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. कपाळावर विभूतीचे पट्टे, मांडीवर पिशवी. लेकीकडे निघाले होते.

“कुठं चाललाव?”

“लातूरला.”

“काय काढलंय?”

आता या माणसाशी माझं काय देणंघेणं? पुन्हा कधी भेट व्हायची नव्हती. खरं बोलण्याची इतकी फुकटची संधी माणसाला क्वचित मिळते. मी म्हणालो, “नोकरीवर हजर व्हायला.”

“बेस झालं!” त्यांनी पिशवीतून मूठभर भाजलेल्या शेंगा काढून माझ्या ओंजळीत घातल्या. “घ्या. तोंड गोड करायला काय न्हाई, खारट करा.”

माळाकोळी मागे पडल्यावर काळं रान संपून मुरमाड माळ सुरू होतो. त्या माळाकडे बघत मी खोटेपणाच्या शेंगा सोलून खाल्ल्या. चविष्ट होत्या.

लातूरच्या स्टँडवर उतरून सुशीला खाल्ला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी, पोह्यांच्या चुलतभावासारखा लागतो). मग अंगात ब्लेझर घातला तेव्हा कळलं, की निळा रंग गेलाय आणि मी नुकताच खळ्यातून उठून आल्यासारखा दिसतोय. चर्चच्या दारात पाळकबाईंनी मला बघितलं आणि जय ख्रिस्त म्हणायच्या आधी माझ्या पाठीवर ओल्या फडक्याने चार रपाटे घातले. मला ते रास्त वाटले. फक्त रपाट्यांचं कारण वेगळं होतं.

उपासनेत हार घातला. पाळकसाहेबांनी पोस्टर मोबाइलवर उंच धरून दाखवलं. “आपल्यातला एक मुलगा!” ते म्हणाले. मला दोन शब्द बोलायला लावले. मी सांगितलं, “देवाची योजना आपल्या योजनेपेक्षा मोठी असते.” हे कसंही खरं ठरणार होतं.

दुपारी जेवायला त्यांच्या घरी. मटणाचा रस्सा, ज्वारीची भाकरी, वाटीत येसर आमटी (भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची, हिच्यासाठी लातूरला पायी यावं). वाढत होती त्यांची मुलगी, रूथ. माझ्याच वयाची, लातूरलाच इंजिनिअर झालेली. मी तिसरी भाकरी मोडत होतो, तेव्हा पाळकबाई सहज म्हणाल्या, “आमच्या रूथलाबी तिथलंच बोलावणं आलंय बघ. उद्याचंच. पण तुझं पोस्टर आलं, मग म्हणलं जागा तर एकच हाय, आता कशाला जायचं.”

“बोलावणं रद्द केलं नसेल त्यांनी, विसरले असतील,” पाळकसाहेब म्हणाले. “आणि मीच तिला म्हटलं, जाऊ नको. मंडळीतल्या भावाला जागा मिळाली, त्यात आनंद करायचा.”

रूथ माझ्या ताटात रस्सा ओतत म्हणाली, “घ्या ना. लाजू नका.”

मी लाजत नव्हतो. घास घशात बसला होता. आणि तो खाली उतरायच्या आत माझ्या मनात जे आलं ते लिहितो, कारण या प्रवासात मी पाहिलेली सगळ्यात कुरूप जागा तीच. मनात आलं: देवानेच वाट मोकळी केली. एक उमेदवार कमी. प्रवचनात सांगितलं तसंच घडायला लागलंय.

आणि मी आणखी रस्सा घेतला.

दुपारी पाळकसाहेबांनी मला स्कूटरवर बसवून गंजगोलाईत नेलं. मधोमध गोल इमारत आणि तिच्यापासून चहूकडे फुटलेले बाजाराचे रस्ते; एका रस्त्याने भांडी, एकाने कापड, एकाने सोनं. नवा माणूस शिरतो एकीकडून आणि निघतो भलतीकडून. पाळकसाहेब मला थेट कापडाच्या दुकानात घेऊन गेले. “नव्या नोकरीला नवा शर्ट. आमच्या मंडळीकडून.” दुकानदार शर्ट माझ्या पाठीला लावून बघत होता आणि पाळकसाहेब लांब उभे राहून डोळे बारीक करून म्हणत होते, “खांद्यात जरा सैल घ्या, पोरगा अजून भरायचाय.” माझे वडील गेल्यापासून माझे खांदे असे कुणी पाहिले नव्हते. मी पाठ फिरवून उभा होतो ते बरं झालं.

ठरवलं, उद्या मुलाखत झाली की सांगू. नोकरी लागली तर सांगायची गरजच उरणार नाही. बघा, किती दूरदृष्टी.

संध्याकाळी मी गच्चीवर उभा होतो. रूथ वाळलेले कपडे काढायला आली. दोरीवरचे चिमटे काढता काढता म्हणाली, “एक विचारू का? तिथं काय काय विचारलं तुम्हाला? पुढं कुठून बोलावणं आलं तर मला कामाला येईल.”

मी कठड्याला टेकलो. “साधंच. ओळख वगैरे.”

“मीटरवर काय विचारलं का?”

“विचारलं ना. मीटर कसं चालतं.”

“असं मोघम? मीटरमधला बोर्ड हातात दिला असेल ना?”

“दिला.”

“मग काय बिघाड काढायला सांगितला?”

झालेल्या मुलाखतीबद्दल खोटं बोलणं सोपं असतं. न झालेली मुलाखत सुरुवातीपासून उभी करायची, आणि तीही जिला तो विषय माझ्यापेक्षा बरा येतो तिच्यासमोर, याला प्रतिभा लागते. माझी प्रतिभा कबुतरापर्यंतच. रूथ हातात उशीचा अभ्रा धरून खरोखर उत्सुकतेने थांबली होती. पुढच्या वेळी तयारी बरी व्हावी म्हणून.

“अजून विचारलं नाही,” मी म्हणालो.

“काय?”

“काहीच. उद्या विचारणार आहेत.”

तिने अभ्र्याची घडी घातली. मग उलगडली आणि पुन्हा घातली. “म्हणजे नोकरी लागलेली न्हाई.”

“नाही.”

“मग ते पोस्टर?”

“मीच केलं.”

“साक्ष?”

“ती पण मीच.”

मला वाटलं रडेल, किंवा ओरडेल. ती म्हणाली, “मला जेवताना कळलं असतं तर आतापर्यंत चार तास वाचून झालं असतं.” कपड्यांचा ढीग तिने माझ्या हातात दिला. “हे घेऊन खाली चला. पप्पांना तुम्हीच सांगायचं. मी सांगणार न्हाई, आन माफबी लगेच करणार न्हाई. मला वेळ न्हाई.”

पाळकसाहेब ओट्यावर बसून पेपर वाचत होते. कपडे छातीशी धरून मी सगळं सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, “तिला थांबवलं मी. न विचारता, न चौकशी करता. तुझ्या साक्षीला मी आमेन म्हटलं, तेव्हा ते खोटं माझंही झालं.” मी शर्टाची पिशवी परत पुढे केली. त्यांनी ती हातानेच मागे सारली. “राहू दे. उद्या मुलाखतीला घाल. तो ब्लेझर काही घालण्यासारखा राहिला नाही.”

त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर मी नीट जेवलो असतो.

सोमवारी रूथच्या स्कूटीवर मागे बसून मी एमआयडीसीत गेलो. सकाळच्या उन्हात रुंद रस्ते, पत्र्याच्या शेड, मध्येच उगवलेल्या बाभळी. ती रस्ताभर मीटरमधले भाग मोठ्याने म्हणत होती. मी मागून एकदा भर घालायला गेलो.

“तुम्ही गप बसा. मला पाठ करू द्या,” ती म्हणाली.

माझा नंबर आधी लागला. टेबलापलीकडचे साहेब कागद बघायच्या आधी माझ्याकडे टक लावून बघत राहिले. मग त्यांनी मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. कबूतर.

“आमच्या स्टोअरमधल्या माणसाने दाखवलं. तुमची नेमणूक आम्ही अजून केलेली नाही. तुम्ही केलेली दिसते.”

“चूक झाली, सर.”

“आमचं नाव मात्र छान काढलंय,” ते म्हणाले आणि एक उघडा बोर्ड पुढे सरकवला. बिघाड शोधायचा होता. मी शोधला, पण दुसराच. तो तिथं नव्हता. “कळवतो,” ते म्हणाले. हा शब्द ज्या सुरात ते बोलले, त्या सुरात तो कळूनच चुकतो.

रूथ आत गेली ती लवकर बाहेर आली नाही. शिपाई येऊन म्हणाला, “ताईंना दुपारी पुन्हा बसवणार हायत. तुम्ही थांबू नका.” मी स्टँडवर आलो.

परतीच्या गाडीत ब्लेझर मांडीवर घडी करून ठेवला. अहमदपूरला चहा घेत होतो तेव्हा पाळकबाईंचा फोन आला. “घेतलं रं तिला! एक तारखेपासून ये म्हणले!” त्या हसत होत्या, मागे पाळकसाहेब काहीतरी गात होते. मला मनापासून आनंद झाला, हे खरं. आणि आनंद झाल्याचं मला स्वतःलाच कौतुक वाटलं, हेही खरं. बाहेर संध्याकाळचं ऊन सोयाबीनच्या गंजींवर पडलं होतं. जाताना हेच सगळं माझ्यासाठी सजवलंय असं वाटलं होतं. येताना दिसलं, की लोक आपापली कामं करत आहेत. एवढं कळायला मला लातूरला जाऊन यावं लागलं.

पुढच्या रविवारी मी साक्षीला उठलो. सगळं सांगितलं. माझा अहंकार, माझं पोस्टर, माझी फजिती, माझी रात्रभर न लागलेली झोप. देवाने मला कसं वाकवलं, मला कसं शिकवलं. शेवटी माझा गळा दाटून आला. पुढच्या बाकावरच्या बायकांनी रुमाल काढले. एकजण म्हणाला, अशी साक्ष वर्षानुवर्षांत ऐकली नाही. बाहेर पडल्यावर चौघांनी हात दाबले.

आई चपला शोधत होती. आम्ही घराच्या वळणापर्यंत आलो. मग मीच विचारलं, “कसं झालं?”

“लई छान बोललास.”

“खरंच?”

“हाव. घरी सांगितलंस ती लातूरची पोरगी, जिची नोकरी तुझ्यापायी चालली होती, तिचं नाव साक्षीत काय म्हणलास?”

मी आठवून पाहिलं. “राहून गेलं वाटतं. गळा दाटला होता ना.”

“कशाचा दाटतोय! रडताना एका डोळ्यानं बघून राहिला होतास, कोण कोण रडतंय ते.”