कहरुब्यातलं खरं चिलट

दिग्रसच्या बसस्टँडमागं मोईनचं मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे. त्याच गाळ्याच्या एका कोपऱ्यात त्याची बायको आरिफा तसबीह, म्हणजे जपमाळा, ओवते, अंगठ्यांचे नगीने बसवते. हे काम तिच्या वडिलांचं, रहमतभाईंचं. तिचे तिघंही भाऊ दुसऱ्या धंद्यात गेले. अब्बांजवळ बसून खडा उजेडात धरायला शिकली ती एकटी आरिफा. कहरुबा, म्हणजे अंबर, लाखो वर्षांपूर्वी झाडातून गळून दगड झालेला चीक, अब्बा तिला डोळे मिटून नुसत्या वासावर ओळखायला लावायचे.

गेल्या मार्चात गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका इंदुताई आल्या. सोबत खड्यांचा फिरता व्यापारी फुलचंद. शाळेच्या विज्ञानाच्या कपाटासाठी कहरुब्यातला किडा घ्यायचा होता, आणि घेण्याआधी तो पारखून हवा होता.

"रहमतचाचा नाहीत?"

"अब्बाले जाऊन सात वर्सं झाली. आता मीच पाहते."

इंदुताई घुटमळल्या. आरिफाला ते दिसलं. तिनं स्टूल पुसून पुढं सरकवलं.

फुलचंदनं दोन तुकडे ठेवले. एक लिंबाएवढा, मधासारखा पिवळा. मधोमध पंख पसरलेली गांधीलमाशी. दुसरा नखाएवढा, गढूळ. आत कचरा आणि एक पाय तुटलेलं चिलट.

"मोठा घ्या मॅडम, पोरं पाहतच राहतीन," फुलचंद म्हणाला. "बारका कोणी घेत नाई."

आरिफानं भिंग डोळ्याला लावलं. मोठा तुकडा उजेडात धरून फिरवला.

"ही माशी मेल्यावर आत ठेवली हाय. जित्ता जीव चिकात फसला तं सुटासाठी धडपडते. हिचे पंख पाहा, इस्त्री केल्यावानी."

तिनं ग्लासभर पाण्यात मूठभर मीठ विरघळवलं. खरा कहरुबा खारट पाण्यात तरंगतो. मोठा तुकडा तळाशी गेला, बारका तरंगला.

"वजनानं बुडला असन," फुलचंद पुटपुटला.

"मंग सुई तापवून लावू?"

त्यानं होकारार्थी मान हलवली. तापलेलं टोक मोठ्या तुकड्याच्या कडेला टेकलं, तसा मोईन गॅरेजातून ओरडला, "काय जाळून राह्यली व? टेललाइट जळल्यावानी वास येते!"

इंदुताईंना हसू आवरेना. आरिफा मात्र बारक्याकडं वळली. नवी राळसुद्धा मिठाच्या पाण्यात तरंगते, पण स्पिरिटनं चिकट होते, हे ती विसरली नव्हती. तिनं त्यावर स्पिरिटचा थेंब सोडला, थांबली, बोटानं चाचपलं. चिकटला नाही. मग सुई. धुरात राळेचा गोडसर वास आला. तिचे डोळे आपोआप मिटले.

"हा खरा हाय, मॅडम. पाय तुटला ना, तो धडपडीत तुटला. बाजूले चीक ओढल्याची रेघ पाहा."

इंदुताईंनी भिंगातून पाहिलं. रेघ होती.

फुलचंदचं तोंड उतरलं. "मलेच फसवलं कोणीतरी," तो म्हणाला. आरिफाला ते खरं वाटलं.

जुलैत इंदुताईंनी तिला शाळेत बोलावलं. कपाटात चिलटाखाली चिठ्ठी होती: 'अंबरातील कीटक. पारख: आरिफा शेख, दिग्रस.' सातवीतल्या खुशीनं चिठ्ठी मोठ्यानं वाचली आणि विचारलं, "हे तुम्हीच ओळखलं का?"

एरवी कोणी कौतुक केलं की 'अब्बानं शिकवलं' म्हणायची तिची सवय. त्या दिवशी ती ताठ उभी राहिली.

"हो. मीच."

आता फुलचंद दर महिन्याला येतो. नवा माल विकत घेण्याआधी नमुना तिच्यापुढं ठेवतो आणि गुमान बसून राहतो, ती भिंग खाली ठेवेपर्यंत.